खेडला मासळीचा गाळा घेतोयस तर

हर्णै

प्रिय सुरेश,
सप्रेम नमस्कार.

खेडला गाळा घ्यायचं तुझं ठरलंच आहे, तर इथल्या हर्णै बंदरातला माल उचलण्याआधी काही गोष्टी कानावर घालतो. लिलावात बोली लावणं चार-सहा महिन्यांत जमेल. अवघड आहे ते पुळणीवरून, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूवरून, माल उचलल्यापासून गिऱ्हाइकाच्या पिशवीत पडेपर्यंतचे तास सांभाळणं. या धंद्यात माणूस बुडतो तो तिथेच.

इथे माल ढिगावर नाहीतर टोपलीवर जातो, म्हणून वजनाचा अंदाज डोळ्यांत बसायला हवा. वर मोठे नग दिसले तरी हात घालून तळाचा मासा बघ. बांगड्याचा कल्ला लालभडक हवा, डोळा फुगीर हवा, बोटाने दाबलेला खळगा लगेच भरून यायला हवा. पापलेट कल्ल्याजवळ दाब. दुधासारखं पाणी आलं तर ताजं, लालसर आलं तर पुढे चल. आणि तळहाताएवढी पापलेटं कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नकोस. 2023 साली पापलेट महाराष्ट्राचा राज्यमासा झालं, पण पिल्लंच विकली तर उद्या बंदरावर काय येणार?

आता बर्फ. किलोला किलो हे माप धर. उन्हाळ्यात त्याहून जास्त घे, बर्फात कंजूषी करू नकोस. लादी फोडून बारीक चुरा कर. मोठे खडे पापलेटची चांदी घालवतात आणि बोंबील चेचतात. पेटीच्या तळाला चार बोटं बर्फ, त्यावर मासळीचा एक थर, पुन्हा बर्फ, सगळ्यात वर जाड थर. पेटीच्या बुडाला भोक हवंच. गाडीत पाणी गळू नये म्हणून लोक ते बुजवतात आणि मग खालचा थर रक्ताळ पाण्यात भिजून मऊ पडतो. मासळी गोड्या पाण्यात भिजत ठेवू नकोस, रंग उडतो. बोंबलात पाणीच फार, त्यामुळे त्याच्यावर दुसरा माल रचायचा नाही. कोळंबीचं डोकं काळं पडायला लागलं की भाव निम्म्यावर येतो, म्हणून तिला आधी बर्फ.

बांगडा आणि तारली यांची जास्त काळजी घे. हे मासे उन्हात राहिले की त्यांच्यात हिस्टामीन नावाचं बाधणारं द्रव्य तयार होतं आणि शिजवूनही ते जात नाही. खाणाऱ्याला अंगावर गांध्या उठतात, तोंड लाल होतं. बंदरापासून गाळ्यापर्यंत त्यांच्यावरचा बर्फ सुटता कामा नये.

हिशेब कागदावर मांडून बघ. समज, 100 किलो बांगडा 120 रुपयांनी घेतलास: 12,000. बर्फ, हमाली, गाडी मिळून 1,800. पाणी गळून, चेचून 5 किलो तूट गेली. म्हणजे उरलेले 95 किलो तुला जवळजवळ 145 ला पडले. 160 ने 85 किलो गेला आणि संध्याकाळी 10 किलो 60 ने काढावा लागला, तर हातात 400 रुपये! त्यातही गाळ्याचं भाडं धरलेलं नाही. म्हणून खरेदी मोजकी कर. दुपारी गाळा रिकामा झाला तर वाईट वाटून घेऊ नकोस.

वार सांभाळ. रविवार, बुधवार, शुक्रवार हे आपले. सोमवार, गुरुवार, संकष्टी, एकादशीला माल निम्मा उचल. मार्गशीर्षातले गुरुवार तर जवळजवळ कोरडेच. 1 जून ते 31 जुलै मासेमारीला समुद्र बंद असतो आणि तो उघडतो तेव्हा श्रावण चालू तरी असतो नाहीतर लवकरच लागतो. श्रावणात बोटी भरून येतात, पण घरोघरी चूल शाकाहारी. तेव्हा स्वस्त मिळालं म्हणून पेट्या भरू नकोस.

समुद्र बंद असतो त्या दोन महिन्यांसाठी मे महिन्यातच सुका माल भरून ठेव. आगोटीला, म्हणजे पावसाआधीच्या बेगमीला, सोडे (सुकी सोललेली कोळंबी), सुके बोंबील, खारा बांगडा हमखास जातो. खारवायचं असेल तर ताजाच बांगडा घे: पोट साफ करून, चिरून, तीन किलोला एक किलो जाड मीठ. मऊ पडलेला मासा मिठाने सुधारत नाही. विकत घेणाऱ्याला ते पहिल्याच घासाला कळतं.

उधारी हॉटेलवाल्यांनाच द्यावी लागेल. आठवड्याच्या आठवड्याला वसूल कर आणि मागची बाकी आल्याशिवाय पुढचा माल सोडू नकोस. बोटवाल्याचे पैसे मात्र कधी अडवू नकोस. माल कमी येतो त्या दिवशी तो कुणाला हाक मारतो, ते त्यावरच ठरतं.

पहिल्या खेपेला दुपारी तीनच्या आत ये. पेट्या येतानाच भोकं पाडून आण.

तुझा,
विनायक