एकाच दिवशी तीन सुया

महोदय,

गेल्या आठवड्यात नातीला दीड महिन्याच्या लसींसाठी उपकेंद्रात नेले असता, रांगेतल्या एका आईने ‘आज एकच सुई द्या, बाकीचे पुढच्या महिन्यात बघू’ असा आग्रह धरला. तिची धास्ती मला समजते. डाव्या मांडीत पेंटाव्हॅलंट (डांग्या खोकल्यासह पाच रोगांवरची एकत्र लस), उजव्या मांडीत न्यूमोनियावरची न्यूमोकोकल, उजव्या दंडावर त्वचेत पोलिओची इवलीशी मात्रा, शिवाय पोलिओ व (जुलाबांच्या) रोटाव्हायरसची लस तोंडावाटे, हे सारे एका बैठकीत झाले की बाळाच्या रडण्याने आपलेच डोळे भरून येतात.

परंतु लसी लांबवल्याने बाळावरचा भार हलका होतो, हा समज खरा नाही. जन्मल्या दिवसापासून ते असंख्य जंतूंना तोंड देत असते, आणि या लसी एकत्र देता येतात हे तपासूनच वेळापत्रक ठरवले जाते. उलट डांग्या खोकला सर्वांत घातक ठरतो तो याच पहिल्या काही महिन्यांत. चालढकल केली की तेवढे दिवस बाळ उघडे. (शिवाय प्रत्येक जादा खेपेला आईची मजुरी बुडते, ते कोणी मोजत नाही.)

माझी तक्रार वेगळीच आहे. त्या आईला ‘सरकारी नियम आहे’ एवढेच उत्तर मिळाले. एक-दोन दिवस ताप येऊ शकतो, सुईची जागा चोळू नये, अर्धा तास थांबावे, हे सांगायला दोन मिनिटे पुरतात. ती मिळाली असती, तर ती बाई बाळाला घेऊन तशीच उठून गेली नसती.

– एक आजी, सातारा