नावं विचारायची राहून गेली

एकसष्टाव्या वर्षी प्राचीन भारतीय इतिहासात एम.ए. झाले. नोकरी नाही, बढती नाही. लहानपणी नागपूरच्या अजबबंगल्यात, म्हणजे तिथल्या जुन्या संग्रहालयात, पाहिलेल्या दगडी मूर्तींची ओढ तेवढी होती. ज्यांच्यामुळे हे जमलं त्यांतल्या कित्येकांची नावंही मला ठाऊक नाहीत, म्हणून हे जाहीर आभार.

सर्वांत आधी जुनापाणीच्या गुराखी दादांचे. नागपूरजवळ काटोल रोडवरच्या या गावाजवळ महापाषाण युगातली सुमारे 300 शिळावर्तुळं, म्हणजे गोलाकार मांडलेल्या मोठ्या दगडांची प्राचीन दफनस्थळं, आहेत; 1879 मध्ये रिव्हेट-कार्नाक या ब्रिटिश अधिकाऱ्यानं तिथं उत्खनन केलं होतं. मला दगडांवरचे वाटीसारखे खळगे पाहायचे होते, पण भर दुपारी काहीच दिसेना. "ऊन कलू द्या जी बाई, मंग दिसतीन," म्हणत दादांनी पळसाखाली बसवलं, स्वतःच्या बाटलीतलं पाणी दिलं. साडेपाचला तिरपं ऊन आलं आणि एकेका खळग्यात सावली भरली. बोट फिरवलं, तर ते ओळीनं लागत गेले. अंगावर काटा आला.

ग्रंथालयात शेजारी बसलेल्या मुलीनं ब्राह्मी या प्राचीन लिपीतला 'क' अधिकच्या चिन्हासारखा असतो, हे माझ्या वहीत काढून दाखवलं. तिथून लिपीची भीतीच गेली. बेटा, ते पान मी जपून ठेवलंय.

मे महिन्यातल्या पेपरला ऑटोवाले भाऊ तीन तास उन्हात थांबले, वेटिंगचे पैसे घेतले नाहीत.

दादा, थंडीत परत येतेय. डबा दोघांचा आणीन.