काका, ते कुलूप तुम्ही उघडून दाखवलं नाहीत

ती. काका,

साष्टांग नमस्कार.

समोर बसून आभार मानायला लागलं की तुम्ही लगेच पाण्याच्या टाकीचा विषय काढता, म्हणून हे उघडं पत्र. बिल्डिंगमधल्या चार जणांनीही वाचलं तर बरंच. मी रात्री गॅलरीत बसून कसली खुडखुड करते, त्याचा एकदाचा खुलासा होईल.

मंगळवारी रात्री अमेरिकन लॉक कंपनीचं ते 1100 नंबरचं कुलूप मी किल्लीशिवाय उघडलं. भाच्याने आणलेलं, ॲल्युमिनियमचं, पाच पिनांचं, म्हणजे किल्लीने नेमक्या उंचीवर उचलाव्या लागणाऱ्या बारीक कांड्यांचं. कडी खट्‌कन वर आली आणि मी घाबरून कुलूपच खाली टाकलं.

पण आभार त्याच्याही आधीचे आहेत. भाचा पहिल्यांदा आला तेव्हा मास्टर लॉकचं पितळी 140 घेऊन आला होता. चारच पिना. तोवर मी बाजारातली स्वस्त कुलपं पटापट उघडत होते आणि स्वतःला फार हुशार समजत होते. आपल्या घरच्या नवतालमध्ये पिना नसतात, लिव्हर असतात, त्यामुळे त्याच्या वाटेला मी कधी गेले नाही. हे 140 मात्र दर वेळी जरासं फिरायचं, आता उघडणार असं वाटायचं, आणि तिथेच रुतून बसायचं. मी आणखी जोर लावायचे. दोन पिका, म्हणजे पिना उचलायच्या बारीक आकड्या, वाकवल्या. शेवटी कुलूप बिघडलंय असं ठरवून तुमच्याकडे आले, कारण आख्ख्या बिल्डिंगमध्ये वाइस तुमच्याकडेच.

तुम्ही किल्ली लावून पाहिलीत. लगेच उघडलं. ‘कुलूप ठणठणीत आहे, ते तुला फसवतंय,’ एवढं बोलून तुम्ही ड्रिल मशीन काढलंत. चकमध्ये पितळेची बारीक सळी धरलीत आणि ती फिरत असताना तिला सुईसारखी कानस लावलीत. टूलरूममधून निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, पण हात जराही हलला नाही. तळहातावर ठेवलेली पिन तांदळाच्या दाण्यापेक्षा फार मोठी नव्हती. दोन्ही टोकांना जाड, मधे कंबर. ‘हे रीळ. दोऱ्याचं असतं ना, तसं.’

मग कागदावर चित्र. साधी पिन नेमक्या उंचीवर गेली की वाट मोकळी. रिळाची कंबर तिथे आली की किल्लीबरोबर फिरणारा गाभा थोडासा फिरतो, आणि मग रिळाची कड अडकते. म्हणजे मी ज्याला बिघाड समजत होते, ते आत रीळ असल्याचं कुलपाने सांगितलेलं होतं. त्यात जोर लावला की कड आणखी घट्ट धरते. रीळ वर ढकलताना गाभा उलटा फिरायला बघतो, तेव्हा त्याला फिरू द्यायचं, बोटातला दाब, म्हणजे टेन्शन, जरासा सोडायचा. फार सोडला तर आधी बसलेल्या पिनाही खाली पडतात. ‘टेन्शन कमी घे’ हे मला घरीदारी सगळेच सांगतात. किती कमी, ते सांगणारे तुम्ही पहिले.

त्यानंतर तुम्ही ते 140 मला उघडून दाखवाल असं वाटलं होतं. दाखवलं नाहीत. दाराच्या जुन्या लॅचचा सिलिंडर दिलात, पाचपैकी एकाच जागी रीळ घातलेला. तो जमला की दुसरं रीळ, मग तिसरं. ती घालताना माझ्या हातून स्प्रिंगा उडाल्या, एक अजून सोफ्याखाली आहे. मी रडकुंडीला आले तरी तुम्ही पिक हातात घेतली नाहीत, फक्त विचारलंत, ‘बोटाला काय लागलं?’ माझ्याकडे उत्तर नसायचं, मग पुन्हा पहिल्यापासून. तेव्हा राग यायचा, खोटं कशाला बोलू.

1851 मध्ये लंडनच्या प्रदर्शनाच्या वेळी हॉब्स नावाच्या अमेरिकन माणसाने ब्रामा या कुलूपवाल्याचं कुलूप किल्लीशिवाय उघडलं, 16 दिवसांत मिळून 51 तास खपून, हे मी मोठ्या कौतुकाने सांगितलं. तुम्ही म्हणालात, ‘मधे जेवला असेल ना? तू जेवलीस का?’

दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी बाहेर अडकल्या, तो दिवसही आठवतो. मी पिका घेऊन धावले आणि तुम्ही जिन्यातच अडवलंत. कुलूप आपलं स्वतःचं हवं आणि रोजच्या वापरातलं नको. पिक आत मोडली तर ती बाई रात्रभर बाहेर. चावीवाल्याला फोन तुम्हीच केलात. मी तासभर फुगून होते. चावीवाल्याचं काम बघताना फुगा उतरला.

1100 मध्ये रिळांच्या जोडीला बारीक खाचांच्या पिना निघाल्या, वरच्याच नाही, किल्लीला टेकतात त्या खालच्यासुद्धा. प्रत्येक खाच टिक्‌ करून ‘बसले बसले’ म्हणते आणि बसलेली नसते. तिसऱ्या पिनेवर आठवडा गेला. मंगळवारी तिथे बोटाखाली गाभा केसभर मागे सरकला आणि मी पहिल्यांदाच घाई केली नाही.

रविवारी तुमचा सिलिंडर परत आणतेय. त्यातली पाचही रिळं आता माझ्या हातची आहेत. दोन थोडी वाकडी झालीत, पण चालतात. पिक तुमच्याकडे आहेच.

किल्ली मी घरी ठेवून येणार आहे.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची