चढावर आधी तुम्ही उतरलात, मामा

बेळगाव-वडगावच्या आमच्या पोस्टमन मामांस,
सप्रेम नमस्कार.

समोर बसून बोलले असते तर तुम्ही "असू दे गं" म्हणून विषय बदलला असता. म्हणून लिहिते, आणि चारचौघांत लिहिते. मला लांब ठेवणारेही चारचौघांतलेच होते.

टीबीचा सहा महिन्यांचा कोर्स मी निभावला. गोळ्यांनी लघवी नारिंगी व्हायची, ताट समोर आलं की पोटात ढवळायचं. आशाताई न चुकता दारात यायच्या, पोषण आहाराचे सरकारी पैसे खात्यावर जमा व्हायचे. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती माडीवरच्या खोलीची, वेगळ्या ताटाची, वेगळ्या तांब्याची. डॉक्टरांनी सगळ्यांना सांगितलं होतं की औषध नीट सुरू झालं की साधारण दोन आठवड्यांत दुसऱ्याला लागण व्हायची भीती बहुतेक जाते. हा रोग खोकल्यातून, हवेतून पसरतो. ताटवाटीतून किंवा कपड्यांतून नाही. आईला पटलं. बाकीच्यांना पटवून घ्यायचंच नव्हतं. शेवटचा रिपोर्ट निगेटिव्ह आल्यावरसुद्धा सख्ख्या चुलत्यांकडून लग्नाची पत्रिका आली आणि मागोमाग फोन : "या सगळे, पण पोरीला एवढ्यात गर्दीत नको." माझ्याच काळजीनं म्हणे! जिच्याबरोबर दहावीपर्यंत एका डब्यात जेवले, ती मैत्रीण मला बघून ओढणी नाकाला लावायची. अजून आठवलं की घशाशी येतं.

आणि तुम्ही एप्रिलमधल्या त्या सकाळी खालून हाक मारलीत, "येतीस काय गं येळ्ळूरपर्यंत? तुझ्या सायकलीत हवा भरलो, चेनला तेल सोडलो. चल की."

विणकरांच्या मागांचा खडखडाट मागं पडला आणि दोन्हीकडं शिवार उघडं झालं. आदल्या संध्याकाळी वळीव झाला होता. बासमतीची ती जमीन ओल धरून काळीभोर दिसत होती, पावसाआधीच्या धूळवाफ पेरणीसाठी मशागत चाललेली, समोर राजहंसगड. इतके महिने खिडकीएवढंच आभाळ बघितलेल्या माणसाला एवढं सगळं एकदम बघून भोवळ येते, मामा. तुम्ही रमतगमत चालवत होतात. कुठल्या घरी मनीऑर्डरची वाट बघायचे, कुठल्या दारातलं कुत्रं अंगावर यायचं, सांगत होतात.

येळ्ळूर ओलांडून गडाच्या रस्त्याला लागलो आणि चढ सुरू झाला. माझा श्वास फुलला होता. तोंड मिटून, नाकानं ओढत मी पायडल मारत होते. तुम्हाला कळू नये एवढीच धडपड. तेवढ्यात तुम्ही सायकलीवरून उतरलात. "चेन कुरकुरतीया," म्हणालात आणि सायकल हातात धरून चालायला लागलात. मागं वळून बघितलं नाहीत. "दमलीस काय?" विचारलं नाहीत. सहा महिने जो तो मला हेच विचारत होता, तेही उंबऱ्याबाहेरून. मी उतरले, तुमच्या शेजारून चालले, श्वास जागेवर आला. परतताना वडगावपर्यंत तुमची चेन एकदाही कुरकुरली नाही, मामा. मी कान देऊन ऐकत होते.

वाटेत करवंदं घेतलीत आणि एकाच द्रोणातून दोघांनी खाल्ली. ते गल्लीतल्या कुणीतरी बघितलं असणार, कारण दुसऱ्या दिवसापासून शेजारच्या काकू जिन्याच्या चार पायऱ्या वर यायला लागल्या. तुम्ही कुणाला उपदेश केला नाहीत, भांडला नाहीत. आजाऱ्याला मदत करणारे पुष्कळ असतात, डबा देतात, पैसे देतात. त्यांचेही उपकार आहेत. पण समोरच्याला आपण आजारी आहोत हेच घटकाभर विसरायला लावायचं, तेही त्याला कळू न देता, याला फार मोठं मन लागतं. असं मन असलेली माणसं आपल्या गल्लीत आहेत आणि आम्ही त्यांना नुसतं "पत्र आलंय काय?" विचारत राहिलो.

चुलत्यांकडच्या लग्नाला आम्ही गेलो नाही. आईनंच नको म्हटलं.

आता माझं वजन वाढलंय, जिना एका दमात चढते. गडाचा वरचा चढ तेवढा राहिलाय. मिरगाच्या आधी जाऊया. रविवारी सहाला गल्लीच्या तोंडाशी थांबते. चहाचे पैसे या वेळी मी देणार, आत्ताच सांगून ठेवते. मामींना नमस्कार.

तुमची,
माडीवरची पोर