‘ढकलायला किती जण लागायचे?’

सप्रेम नमस्कार, दादा.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. त्या दिवशी विमानांच्या संग्रहालयातून निघताना विचारलं तेव्हा तुम्ही हात हलवून “खुर्ची आणली, त्यात काय मोठं” म्हणालात. पण तुम्ही जे केलंत ते चार लोकांना कळावं असं मला फार वाटतं, म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर.

आम्ही मालवणहून पहाटे निघालो होतो. बाबांचं वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे गेलेले. गोव्यात दाबोळीहून बोगमाळोकडे जाणाऱ्या रस्त्यावर नौदलाच्या विमानांचं संग्रहालय आहे, हे त्यांना ते १९९८ साली सुरू झालं तेव्हापासून ठाऊक होतं. तरी कधी “चला” म्हणाले नाहीत. मुंबईत जुनी विक्रांत, आपली पहिली विमानवाहू नौका, गेटवेजवळ उभी होती, २००१ पासून दहा-अकरा वर्षं लोक ती बघायला जात होते, तिथेही नाही. “माझां काय आसा थंय,” एवढंच. २०१४ मध्ये ती मुंबईत दारूखान्याच्या जहाजतोडणी धक्क्यावर तोडायला घेतली त्या रात्री ते जेवले नाहीत. पुढे विक्रांतचं पोलाद वापरून बजाजने मोटारसायकल काढली. आमच्या आळीतल्या एकाने ती घेतली. बाबा सकाळी फुलं काढायला जाताना तिच्या टाकीवर हात ठेवून मग पुढे जायचे. आम्ही ते बघायचो, बोलत नव्हतो.

बाबा विक्रांतवर एअरक्राफ्ट हँडलर होते. हे गावात कुणाला सांगून समजत नाही. नेव्हीत होते आणि विमानांवर होते म्हटलं की लोकांनी पायलटच करून टाकलं. बाबा दर वेळी सांगत, “पायलट नाय रे, मी विमानां ढकलणारो.” ऐकणाऱ्याचा चेहरा जरा उतरायचा. चाळीस वर्षं तो उतरलेला चेहरा बघून त्यांनी बोलणंच सोडलं होतं.

त्या सकाळी ते सीहॉक या लढाऊ विमानापाशी थांबले. मी मागे होते. त्यांनी मला विचारलं, “सांग बघू, ह्येचो धूर खंयसून भायर पडता?” मी शेपटीकडे बघितलं. तिथे भोकच नाही! मग त्यांनी काठीने दाखवलं. इंजिन एकच, पण त्याचा झोत आत दुभंगतो आणि दोन्ही पंखांच्या मुळाशी, मागच्या कडेला, डावी-उजवीकडे बाहेर पडतो. “ढकलताना खंय उभ्या ऱ्हवचां नाय, तां पयलां शिकवत.” तेव्हा तुम्ही बाजूने जात होतात. थांबलात. “आजोबा, कुठल्या ट्रेडचे?” असं विचारलंत. बाबांनी सवयीने मान खाली घालून सांगितलं. आणि तुम्ही पुढचा प्रश्न विचारलात: “हे ढकलायला किती जण लागायचे?”

दादा, माझ्या अख्ख्या आयुष्यात हा प्रश्न बाबांना कुणी विचारलेला मी ऐकला नव्हता. मीसुद्धा विचारला नव्हता.

मग तुम्ही खुर्ची आणलीत, पंखाच्या सावलीत मांडलीत, आणि खिशातली वही काढलीत. पुढचा दीड तास बाबा बोलत होते. डेक ओला असला की पाय कसे रुतवायचे. जहाज कलतं तेव्हा चाकाखाली चॉक, म्हणजे अडवणारा ठोकळा, घालणाऱ्याच्या हातात सगळ्यांचा जीव कसा असतो. पंख दुमडून विमान लिफ्टवर कसं बसवायचं, वरून खाली हँगरात नेलं की साखळ्यांनी कसं आवळायचं. कॅटापुल्टवर, म्हणजे विमान डेकवरून भिरकावणाऱ्या यंत्रावर, विमान आलं की पोटाखाली वाकून पोलादी दोर अडकवायचा आणि वाकूनच बाहेर यायचं. उडून परतलेल्या विमानाला खार लागलेला असायचा, तो गोड्या पाण्याने धुवायचा, आणि समुद्राच्या मधोमध गोडं पाणी तर मोजून मिळायचं. हे कुठल्या पाटीवर मावणार? पाटीवर इंजिन रोल्स-रॉईस नीन आणि नाकाखाली २० मिलिमीटरच्या चार तोफा. तेही हवंच. पण त्या तोफांखाली हात काळे करून घेणारी माणसं तुमच्या वहीत गेली.

शाळेची सहल आली होती. पोरं सीहॅरियरकडे धावत होती, साहजिकच आहे, उभ्याने उतरणारं विमान म्हटल्यावर कोण थांबेल. तुम्ही त्यांना वळवून आणलंत आणि सांगितलंत, “हे आजोबा एकाहत्तरच्या लढाईत विक्रांतवर होते. ही विमानं ढकलायचे.” ढकलायचे, हा शब्द तुम्ही इतक्या ठासून म्हणालात की बाबा खुर्चीत ताठ झाले.

पोरांना त्यांनी ४ डिसेंबर १९७१ सांगितला. विक्रांतच्या चार बॉयलरपैकी एक तडकलेला, त्यामुळे जहाजाला पुरता वेग घेता येत नव्हता. विमान डेकवरून उचललं जायला समोरून वारा लागतो, आणि निसर्गाने दिला नाही तर तो जहाजाने धावून मिळवायचा असतो. बंगालच्या उपसागरात वारा पडलेला. तशात सकाळी आठ सीहॉक तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बाजारवर गेली. “आठ गेली, मी मोजलंय. मगे आठव परत येयसर मोजत ऱ्हवलंय.” दुपारी चितगाव. रात्री अलिझे जातीची विमानं, कारण सीहॉकला अंधारातलं काम जमण्यासारखं नव्हतं. अलिझेकडे गेल्यावर बाबांनी टोपी काढली, कुणी सांगितलं नव्हतं. १० डिसेंबरला कच्छमधल्या जखाऊच्या समुद्रावर पाकिस्तानी स्टारफायटर विमानाने आपलं एक अलिझे पाडलं, आतले तिघेही परत आले नाहीत. तुम्हीही काढलीत. ती पोरं बघत होती, त्यांनीही काढल्या.

मला सर्वांत जास्त सांगायचंय ते तारेचं. पाकिस्तानची गाझी पाणबुडी विक्रांतच्या मागावर होती. विक्रांत अंदमानात दडलेली आणि तिच्याऐवजी राजपूत ही जुनी विनाशिका विशाखापट्टणमपाशी खोटे बिनतारी संदेश धाडत होती. विक्रांत तिथेच आहे हे खरं वाटावं म्हणून एका खलाशाच्या नावाने घरगुती तारसुद्धा पाठवली, आई फार आजारी आहे, कशी आहे ते कळवा. ही गोष्ट तुम्ही बाबांना सांगितलीत, तुम्हाला ती तोंडपाठ होती. बाबा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, “ती आवस खोटी. माझी खरी होती, मालवणाक. तिका दोन म्हयने पत्र धाडूक गावलां नाय.”

माझी आजी त्या दोन महिन्यांत रोज पोस्टमनच्या वाटेवर, जेटीकडच्या वळणावर जाऊन उभी राहायची, हे आईकडून मला माहीत होतं. बाबांच्या तोंडून ते कधी आलं नव्हतं. तुम्ही ते वाक्य वहीत जसंच्या तसं मालवणीत लिहिलंत, प्रमाण भाषेत नाही, आणि “आवस” बरोबर लिहिलाय ना हे वही पुढे करून विचारलंत. बाबांनी चष्मा लावून वाचलं आणि खाली सही केली. नाव, ट्रेड, विक्रांत.

त्यानंतर सुपर कॉन्स्टेलेशन बघितलं. ते तीन शेपट्यांचं देखणं धूड एकेकाळी एअर इंडियाचं प्रवासी विमान होतं, पुढे हवाई दलात गेलं आणि १९७६ पासून नौदलासाठी समुद्रावर टेहळणी करू लागलं. माझं त्यावरून मन हलत नव्हतं. पण बाबांचा जीव सीहॉकपाशीच होता, आम्ही परत तिथे आलो. निघताना त्यांनी पंखाच्या दुमडीवर तळवा ठेवला. त्या सांध्याची कड आणि त्यांच्या तळव्यावरचा जुना वण, दोन्ही एका रेषेत बसले. मी बघितलं, तुम्हीही बघितलंत.

आता घरी रोज कुणी ना कुणी येतं. आळीतली मुलं विचारतात, किती जण लागायचे? बाबा सांगतात, आणि चॉक कसा घालायचा ते पाटाखाली लाकडाची ढलपी सरकवून दाखवतात. मोटारसायकलवाल्याने परवा गाडी आमच्या अंगणातच आणून लावली.

पत्रासोबत एक पाकीट पोस्टाने वेगळं पाठवलंय. त्यात डेकवरच्या नऊ जणांचा फोटो आहे. बाबांना सात जणांची गावं आठवली, ती मागे लिहिलीत. उरलेल्या दोघांना ओळखणारं कुणी तुमच्याकडे आलं तर तुमच्या वहीत लिहून घ्या आणि आम्हाला कळवा.

आणि बाबांचा निरोप आहे, माझ्यासमोर बसून त्यांनी दोनदा सांगितलाय: डाव्या पंखाच्या दुमडीत पावसाआधी ग्रीस भरा, खार आधी तिथेच धरतो.

तुमची,
मालवणच्या हँडलरची मुलगी