ज्येष्ठ भजनकऱ्यांचे ध्वनिमुद्रण एकत्र बसवूनच करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाशिक परिसरातली भजनी मंडळे आपल्या ज्येष्ठ गायक-वादकांचे अल्बम काढू लागली आहेत, ही फार मोलाची गोष्ट आहे. पण सत्तरी ओलांडलेल्या पखवाजवादकाला काचेच्या खोलीत एकटे बसवायचे, कानाला हेडफोन लावून मेट्रोनोमची टिकटिक ऐकवायची आणि बुवांना गायला दुसऱ्या दिवशी बोलवायचे, ही पद्धत सोडायला हवी. भजनाची लय चढत जाते आणि ठेका बुवांच्या श्वासाकडे बघून पडतो. टिकटिकीवर वाजवलेला अभंग जिथे सुरू झाला त्याच लयीत संपतो.

अमेरिकेतल्या ब्लूग्रास संगीताचे उदाहरण इथे उपयोगी आहे. बँजो, मँडोलिन, फिडल, गिटार आणि उभा बास, ड्रम नाही. जुन्या रिवाजात सगळे एकाच माइकभोवती उभे राहत. ज्याची पाळी तो पुढे येई आणि वाजवून मागे सरके. आवाजाचा तोल पावलांनी साधला जाई. ऑगस्ट १९७१ मध्ये नॅशव्हिलला कॅलिफोर्नियाच्या तरुण वादकांनी ६२ वर्षांच्या मेबेल कार्टर, ६७ वर्षांचे रॉय एकफ, अर्ल स्क्रग्ज अशा बुजुर्गांना एकत्र बसवून थेट दोन ट्रॅकच्या टेपवर तीन एलपींचा (मोठ्या तबकड्यांचा) अल्बम केला. गाण्यांमधल्या गप्पाही त्यात ठेवल्या. आपल्या टाळकरी-बुवांची बैठक याहून वेगळी कुठे आहे?

जागा निवडताना देवळाचा दगडी सभामंडप टाळा; टाळी वाजवून पाहा, घुमत राहिली तर शब्द विरघळणार. जुन्या वाड्यातली लाकडी तक्तपोशीची खोली उत्तम. खाली सतरंज्या, दोन भिंतींना गोधड्या. पंखे, फ्रिज आणि चोकवाल्या ट्यूबलाइट बंद.

मुख्य माइक एक, कंडेन्सर (बारीक आवाजही टिपणारा), बुवांपासून तीन फुटांवर. पेटीला दुसरा, स्वरपट्ट्यांच्या वरून दीड फुटावर. मागून लावला तर भात्याचा फुसफुसाट येतो. पखवाजाला तिसरा, तोही दीड फुटावर. माइक वाद्यापासून जितका लांब, त्याच्या तिप्पट अंतर दोन माइकमध्ये असावे, नाहीतर आवाज पोकळ होतो. टाळकरी मात्र आठ-दहा फूट मागे. टाळांची धार प्रत्येक माइकमध्ये शिरते आणि ती नंतर काढता येत नाही.

सगळ्यात जास्त घात कणकेने होतो. पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावलेली कणीक दिव्यांच्या उष्णतेने वाळते, हलकी होते आणि खर्ज वर सरकतो. कडेला पांढरी भेग दिसू लागली की उशीर झालेला असतो. दोन अभंगांच्या मध्ये बोट लावून बघा, ओला हात फिरवा. गरज वाटली तर नवी कणीक मळा. पावसाळ्यात कातडे दमट होऊन स्वर उतरतो, तेव्हा वादीखालचे लाकडी गट्टे ठोकून उजवे तोंड पुन्हा पेटीच्या सा ला आणावे लागते. पेटी जागची हलत नाही, म्हणून मिळवायचे ते पखवाजाने आणि इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याने. वयाबरोबर बुवांची पट्टी उतरलेली असते. ती आठवडाभर आधी पक्की करा, म्हणजे त्या पट्टीचा पखवाज आणता येतो.

कवळी असेल तर ‘स’ आणि ‘श’ शिट्टीसारखे येतात. माइक तोंडासमोरून थोडा तिरका घ्या. कमी ऐकू येणाऱ्यांना हेडफोन नको, पखवाज समोर बसवा. एका अभंगाचे दोनच टेक घ्या. तिसऱ्यात गळा थकतो आणि चूक नसली तरी जीव नसतो.

रेकॉर्डरच्या मीटरवरची पातळी सर्वांत मोठ्या आवाजालाही उणे दहा डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका, कारण शेवटच्या गजरात सगळेच दुप्पट जोराने वाजवतात. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झच्या दोन ट्रॅकना तासाला जेमतेम एक जीबी जागा लागते. मूळ फाइल एमपीथ्री करून पुसू नका, दोन वेगळ्या घरी ठेवा. सोबत चाल कोणाकडून आली, गाव, तारीख आणि प्रत्येक टाळकऱ्याचे नाव लिहा. मानधन त्याच दिवशी, मागच्या रांगेतल्यांनाही.

आपले,
ध्वनिमुद्रणाचे काम करणारे काही वाचक, पंचवटी, नाशिक