ब्राउझरचे संरक्षण बंद करायला सांगू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अशोक चौकाजवळ माझे ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे केंद्र आहे. त्याआधी सात वर्षे पुण्यात मी सर्व्हर सांभाळण्याचेच काम केले, म्हणून हे लिहिते आहे.

गेल्या आठवड्यात यंत्रमागावर काम करणारे एक काका खाडा करून मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला आले. जिल्हा सोलापूर निवडला. खालच्या खान्यात करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंत अकरा तालुके यायला हवे होते, पण एकही आला नाही. मदत क्रमांकावर फोन केला तर उत्तर मिळाले, "साइट सेटिंग्जमध्ये जाऊन असुरक्षित सामग्रीला परवानगी द्या, चालेल." तसे केले की चालते, हे खरे आहे. पण मी केले नाही.

एफ-ट्वेल्व्ह दाबून ब्राउझरने नोंदवलेल्या चुका पाहिल्या तर लाल अक्षरांत 'मिक्स्ड कंटेंट', म्हणजे सुरक्षित पानात असुरक्षित भाग, असे आले होते. पान एचटीटीपीएसवर, म्हणजे कुलूपबंद वाटेने, उघडले होते, पण तालुक्यांची यादी ते दुसऱ्या ॲप्लिकेशनकडून साध्या एचटीटीपीने, म्हणजे उघड्या वाटेने, मागत होते. ब्राउझरने ती मागणी अडवली आणि बरोबरच केले. कुलूपबंद पानात उघड्या वाटेने आलेली स्क्रिप्ट मधल्यामध्ये कुणी बदलली, तर त्याच पानावर भरलेला आधार आणि बँक खात्याचा क्रमांक तिला वाचता येतो. शिवाय एकदा दिलेली परवानगी त्या साइटपुरती कायम राहते. माझ्या एका संगणकावर दिवसभरात कितीतरी जण अर्ज भरतात.

हा दोष बहुधा समोरच्या रिव्हर्स प्रॉक्सीपाशी, म्हणजे बाहेरच्या मागण्या घेऊन आतल्या ॲप्लिकेशनकडे देणाऱ्या सर्व्हरपाशी, असतो. बाहेरून आलेले एचटीटीपीएस तिथे उलगडते आणि आतल्या ॲप्लिकेशनकडे मागणी साध्या एचटीटीपीने जाते. आतल्या ॲप्लिकेशनला वाटते, माणूस साध्या वाटेनेच आला. मग ते आपल्या सगळ्या लिंकाही एचटीटीपीच्याच लिहिते. प्रॉक्सीने 'एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो' हे हेडर (मागणीसोबत जाणारी माहितीची ओळ) लावून मूळ मागणी एचटीटीपीएसची होती हे कळवायचे असते. एनजिनएक्स या प्रॉक्सीच्या सॉफ्टवेअरमध्ये ही एका ओळीची सेटिंग आहे. ॲप्लिकेशनलाही त्या हेडरवर विश्वास ठेवायला सांगावे लागते, मात्र फक्त आपल्या प्रॉक्सीकडून आले तरच. बाहेरच्याने पाठवलेले तेच हेडर प्रॉक्सीने पुसून टाकले पाहिजे. अनेक ठिकाणी ॲप्लिकेशनकडची ही बाजू राहून जाते. एका ॲप्लिकेशनमध्ये दुसऱ्याचा पत्ता कुणी हाताने एचटीटीपी असा लिहून ठेवला असेल, तर तोही बदलावा लागतो. तोवर पानासोबत 'कंटेंट-सिक्युरिटी-पॉलिसी' या हेडरमध्ये 'अपग्रेड-इनसिक्युअर-रिक्वेस्ट्स' ही सूचना पाठवली तरी ब्राउझर स्वतः एचटीटीपीएसने मागू लागतो. फक्त समोरचे ॲप्लिकेशन एचटीटीपीएसवर उत्तर देणारे हवे.

वरचे बोधचिन्ह मात्र छान दिसत होते. चित्रांच्या लिंका आताचे ब्राउझर आपणहून एचटीटीपीएस करून पाहतात, त्यामुळे कार्यालयात बसलेल्याला पान धडधाकट वाटते.

संबंधित कार्यालयाला माझी कळकळीची विनंती आहे की मदत क्रमांकावरचे ते उत्तर आजच थांबवावे आणि सर्व्हर पाहणाऱ्यांकडून ही दुरुस्ती करून घ्यावी. मी लाल ओळींचे छायाचित्र ई-मेलने पाठवले आहे. काका काल दुसऱ्यांदा खाडा करून आले होते. तालुक्याचा खाना अजून रिकामाच आहे.

आपली विश्वासू,
एक केंद्रचालक, सोलापूर